बार्शीचं गाडगं

फडकं उचललं आणि पातेल्यात पाणीच होतं.

वर पिवळट पाणी, खाली कणी कणी, आणि वास म्हणाल तर ना आंबट ना गोड, नुसता उतरल्यासारखा. रात्री विरजलेल्या दुधात सकाळी बोट घातलं तर बोटाला दही चिकटायला पाहिजे. माझं बोट नुसतं ओलं होऊन बाहेर आलं. मी दुसऱ्या पातेल्यावरचं फडकं काढलं, मग तिसऱ्या, मग पळत जाऊन शेवटच्या. दह्याच्या खोलीत भिंतीला लावून मांडलेली सगळी पातेली, जुनी मडकी तशीच. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि आत्याबाईंना हाक मारली.

मिरजेच्या गवळी गल्लीत झाऱ्यांच्या घरी सून म्हणून येऊन मला पंधरवडाही झाला नव्हता. पाडवा आठवड्यावर आला होता. आणि पाडव्याला मिरजेत श्रीखंड खायचं तर झाऱ्यांचं, असा त्या घराचा लौकिक. दही लागलं तर चक्का, चक्का झाला तर श्रीखंड. आणि दहीच लागलं नाही तर दुकानाच्या पायरीवर भांडी घेऊन उभ्या राहणाऱ्या अख्ख्या गावाला काय सांगणार?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गौराबाई. सासरे लवकर गेल्यावर म्हशी, दुकान आणि पोरं एकटीनं सांभाळलेली बाई. उंच, काळीसावळी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्या आल्या, पहिल्या पातेल्यात बोट घातलं, बोट पदराला पुसलं, आणि माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

कारण आदल्या रात्री ते दूध मी विरजलं होतं. त्या घरात विरजण लावायचा मान एकाच बाईचा असतो. आजेसासूकडून तो आत्याबाईंकडं आला आणि लग्नानंतर त्यांनी तो मला दिला. सगळ्या भाऊबंदांसमोर माझ्या हातात पळी दिली होती.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती, ती आधी सांगते. झाऱ्यांच्यात गाडगं मिसळायची रीत आहे. नवी सून माहेराहून दह्याचं एक गाडगं घेऊन येते, आणि सासू त्यातलं पळीभर दही घरच्या विरजणात मिसळते. विरजण मिसळलं की सून मिसळली, अशी त्यांची समजूत. माझ्याआधीच्या सगळ्या सुना गल्लीतल्या, फार तर सांगलीच्या. लांबून आलेली मी पहिली, बार्शीची. कुर्डुवाडीहून मिरजेला येणाऱ्या त्या छोट्या गाडीत नवरीच्या शालूवर मी गाडगं घेऊन बसले होते, आणि गाडी हिंदकळली की अख्खा डबा म्हणायचा, सांभाळ गं बाई, नवरा नंतर, दही आधी. आत्याबाईंनी त्यातलं पळीभर घेतलं. उरलेलं दही माझ्याकडंच राहिलं.

गाडगं मिसळल्याच्या दुसऱ्या दिवशी दही पातळ लागलं. आत्याबाई म्हणाल्या, नवं मिसळलंय, एखादा दिवस घेईल. त्यानंतर रोज आणखी पातळ. आणि मग ही सकाळ.

त्या दिवशी दुकानाची फळी अर्धीच उघडली. आत्याबाईंनी सगळी पातेली-मडकी मोरीत उपडी केली. निवळीचं ते पाणी खोलीभर वाहिलं आणि आम्ही दोघींनी खराट्यानं लोटलं. मग त्यांनी अंघोळ केली, देव्हाऱ्यापुढं बसल्या आणि मागच्या फळीवरून एक पितळी डबी काढली. तिच्यात दह्यात भिजवून वाळवलेलं मांजरपाटाचं कापड होतं. घरचं विरजण कधी दगावलंच तर म्हणून आजेसासूनं घालून दिलेली तजवीज. दर श्रावणात कापड बदलायचं, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती. गाडगं मिसळायच्या आधीचं, जुनं, चोख विरजण त्या कापडात होतं. आत्याबाईंनी कापडाचे दोन तुकडे केले. एक कोमट दुधात सोडला. दुसरा सांगलीला दिलेल्या आपल्या मुलीकडं, महादेवीवन्संकडं, पाठवला. लेकीला घरचं विरजण द्यायची रीत झाऱ्यांच्यात नव्हती. लेक परक्याची, विरजण घरचं. ती रीत त्या दिवशी पहिल्यांदा मोडली, यावरून काय ते समजा.

त्या रात्री मला दह्याच्या खोलीत यायची बंदी होती. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं लावलं.

सकाळी फडकं काढलं तर पुन्हा पाणी. मी उंबऱ्याच्या बाहेरून बघत होते. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. माझ्याच हातानं होत नाही म्हणावं तर आता त्यांच्याही हातानं झालं नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच, असं मी मनाला समजावलं.

ते बरं वाटणं दुपारपर्यंतही टिकलं नाही. दुपारी वन्सं सांगलीहून आल्या. पदराखाली झाकून आणलेला स्टीलचा डबा त्यांनी सगळ्यांसमोर उघडला आणि उपडा धरला. दही पडलं नाही. कापडाच्या त्याच विरजणाचं, तिथल्या साध्या दुधात लावलेलं, सुरीनं कापावं असं दही.

वन्सं स्वभावानं चांगल्या. डबा सरळ करताना त्या माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. पण समजायचं ते सगळ्यांना समजलं. विरजणात खोट नव्हती. आत्याबाईंच्या हातात खोट नव्हती. तेच विरजण सांगलीत लागत होतं आणि ह्या घरात लागत नव्हतं. म्हणजे घरातच काहीतरी आलं होतं. आणि घरात नवीन काय आलं होतं, ते चौकटीला टेकून उभं होतं.

आमचे हे, रेवणसिद्ध, गोठ्याच्या दारात उभे होते. आईपुढं तोंड उघडायची वेळ आली की त्यांना धार काढायची कासंडी घासायचं काम आठवायचं. त्या दिवशी त्यांनी एकच कासंडी इतका वेळ घासली की ती आरशासारखी झाली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

थोड्या वेळानं आत्याबाई माझ्या खोलीत आल्या. माहेरी जाऊन ये चार दिवस, पाडवा होऊ दे, असं काहीतरी म्हणत होत्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर कोनाड्याकडं गेली. तिथं माझं गाडगं होतं. वर वाटीचं झाकण. त्यांनी झाकण काढलं, गाडगं हातात घेऊन तिरकं केलं, आणखी तिरकं केलं. दही हललं नाही.

"हे कधी लावलंस?"

"काल."

"कशात?"

"ह्यातच. खाऊन जरा उरलं की त्यावर दूध घालते. आईच्या हातची चव राहते म्हणून."

"दूध कुठलं?"

"आपलंच. सकाळच्या धारेचं."

"आणि ठेवतीस कुठं?"

"इथंच, आत्याबाई. कोनाड्यात."

त्यांनी गाडगं खाली ठेवलं. आवाज न होऊ देता, जपून. मग भिंतीला हात टेकला. मी जन्मात इतकं घाबरलेलं माणूस बघितलं नव्हतं, आणि ते माणूस मला घाबरलं होतं.

"माझं मारलंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तुझं जगवलंस."

एकाच घरात, एकाच दुधाचं, त्यांचं पाणी होत होतं आणि माझं दगडासारखं लागत होतं. करणी म्हणतात ती ह्याहून वेगळी कशी दिसते, हे मलाही सांगता आलं नसतं. त्या गेल्यावर मी गाडग्यासमोर बसले आणि मलाच माझी शंका यायला लागली. आपल्या हातून झोपेत काही होतं का? आईनं दह्याला काही केलं असेल का? स्वतःच्या आईवर संशय घ्यायची वेळ आली माझ्यावर, आणि त्या विचारानं मी तोंडात पदर कोंबून रडले.

बार्शीला आमच्या शेजारच्या अडत दुकानात फोन लावून आण्णांना, माझ्या वडिलांना, निरोप गेला. येऊन मुलीला घेऊन जा. चार दिवस हा शब्द त्या निरोपात नव्हता. निरोप वन्संनी ऐकला आणि मला सांगितला.

संध्याकाळी परचुरे बाई दही न्यायला आल्या. सांगलीच्या कॉलेजात त्या जिवाणूंचा विषय शिकवायच्या. लग्न केलेलं नाही, केस कापलेले, तोंडानं फटकळ. स्टेशनवरून घरी जाताना चार-आठ दिवसांनी आमच्याकडून डबाभर दही न्यायच्या. दही नाही म्हटल्यावर त्या पायरीवरच अडून बसल्या. का नाही, कधीपासून नाही, आधी पातळ की एकदम पाणी. वन्संनी सगळं सांगितलं. परचुरे बाई तशाच आत शिरल्या, दह्याच्या खोलीत गेल्या, टांगलेल्या फडक्यांना हात लावून बघितला, मोरीचा वास घेतला.

मग त्यांनी विचारलं, "घरात नवीन काय आलं?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले.

"मी," मी म्हणाले.

"माणूस सोडून सांग."

मग मी गाडग्याचं सांगितलं. बाईंनी ते मागितलं. आत्याबाई म्हणाल्या, सगळंच घेऊन जा आणि कृष्णेत सोडा. पण त्यांनी चमचाभरच घेतलं. वन्संच्या डब्यातलं थोडं, फसलेल्या पातेल्यातलं पाणी थोडं, तीन बाटल्या पिशवीत घालून त्या पुन्हा सांगलीच्या गाडीला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की परवा सकाळी येते, तोवर कुणी कुणाला कुठं पाठवू नका. आत्याबाईंनी ऐकलं, पण हो म्हणाल्या नाहीत.

परवा सकाळी आधी आण्णा आले. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी, गाडीत रात्रभर बसून सुजलेले पाय. आमच्यात नमस्काराला म्हणतात तसं ‘शरणार्थी’ म्हणून त्यांनी हात जोडले, ते आत्याबाईंनी घेतले आणि बसा म्हणाल्या. चहा कुणी टाकला नाही. वन्संनी पाणी दिलं. माझी पेटी दाराशी होती. तिच्यावर गाडगं, फडक्यात गाठ मारून. हे सुद्धा घेऊन जा, असं आत्याबाईंनी आदल्या रात्रीच बजावलं होतं. आण्णा नुसते गाडग्याकडं बघत होते. लेक दिल्यावर महिन्याच्या आत बाप तिला परत न्यायला आला म्हणजे बार्शीच्या गल्लीत काय होणार होतं, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माझ्यामागं दोन बहिणी लग्नाच्या होत्या.

आम्ही उठणार तेवढ्यात परचुरे बाई आल्या. टॉवेलात गुंडाळलेली लाकडी घोडी त्यांनी आत्याबाईंसमोर फरशीवर ठेवली. तिच्यात काचेच्या नळ्या उभ्या होत्या, प्रत्येक नळीत पांढरं.

"दूध उकळून, गार करून ह्यात घातलं होतं," त्या म्हणाल्या. "ही पहिली. नुसतं तुमचं जुनं विरजण, मुलीच्या डब्यातलं." नळी आडवी केली. दही जागचं हललं नाही.

"ही दुसरी. तेच विरजण, आणि तुमच्या फसलेल्या पातेल्यातल्या पाण्याचे थेंब. पाणी अशा गाळणीतून गाळलंय की दह्याचा जिवाणूसुद्धा त्यातून पलीकडं जात नाही. काचेसारखं स्वच्छ होतं." नळी आडवी केली आणि दूध काठाला वाहत आलं. आत्याबाई मागं सरकल्या.

"तिसरी. सगळं तेच, फक्त ते पाणी आधी खळखळ उकळलं." ही लागली होती.

मग त्यांनी समजावलं. फार सोपं करून, पोरांना सांगावं तसं. दही लावतात ते जिवाणू, डोळ्यांना दिसत नाहीत पण जिवंत. दूध खातात, वाढतात, आंबट करतात. आणि त्या जिवाणूंनाही रोग होतो. तो करणारा विषाणू.

"तो केवढा?" आत्याबाईंनी विचारलं.

"जिवाणू म्हैस धरली तर हा तिच्या अंगावरची गोचीड. आणि गोचीड तरी रक्त पिते. हा काही खात नाही, पीत नाही, श्वास घेत नाही. एकटा असला तर धुळीच्या कणासारखा पडून राहतो. त्याला जिवंत म्हणावं की नाही, ह्यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. पण जिवाणू भेटला की त्याच्या अंगाला चिकटतो आणि आपल्याजवळचा एक धागा त्याच्या आत सोडतो. नुसता धागा. त्यावर लिहिल्यासारखं असतं, मला बनव. मग तो जिवाणू दही लावायचं सोडून ह्यालाच बनवत बसतो, एकाचे शंभर, आणि शेवटी फुटतो. ते शंभर पुढच्या शंभरांना धरतात. एका रात्रीत तुमचं पातेलं साफ."

आत्याबाईंनी नळीला एक बोट लावून बघितलं.

"म्हणजे पोरीचा दोष नाही?"

"दोष कसला?"

आण्णांनी डोळे मिटले. मी इतके दिवस कोंडलेला श्वास सोडला. आणि आमचे हे, कुठून बळ आलं कुणास ठाऊक, दारातून म्हणाले की मी म्हणतच होतो. मी वळून बघितलं तसे पुन्हा कासंडीकडं गेले.

"थांबा," परचुरे बाई म्हणाल्या. "अजून दोन राहिल्यात."

चौथी नळी त्यांनी हातात घेतली, पण लगेच आडवी केली नाही. माझ्याकडं बघितलं. त्या फटकळ बाईला त्या क्षणी माझी कीव आली होती, ते मला दिसलं.

"हेही तुमचंच जुनं विरजण. ह्यात फसलेलं पाणी नाही. ह्यात हिच्या गाडग्यातल्या दह्याचं पाणी आहे, गाळलेलं."

दूध वाहत काठाला आलं.

मला पहिल्यांदा समजलंच नाही, आणि मग एकदम समजलं. कावळ्यानंच फांदी मोडली होती. मांडीवर घेऊन, पदरानं झाकून, गाडीत लोकांची चेष्टा ऐकत मी ते ह्या घरात आणलं होतं. निर्दोष सुटले म्हणून सोडलेला श्वास पुन्हा आत घ्यायचंही मला सुचेना.

आण्णा काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, आमच्या घरचं दही मी रोज खातो, माझा बाप खात होता, आमच्यात कधी एक पातेलं फसलं नाही.

"फसणार नाहीच," बाई म्हणाल्या. "माणसाला तर ह्याचं काहीच होत नाही. आणि तुमच्या दह्यालाही होत नाही. तुमच्या जिवाणूत हा शिरला, पण त्यानं मारलं नाही. आपला धागा जिवाणूच्या धाग्यात गुंफला आणि झोपला. जिवाणू वाढला की हाही वाढतो, पिढ्यान् पिढ्या, गपचूप. शंभरात एखादा कधी जागा होऊन बाहेर पडतो. पण बाहेर सगळे त्याच्याच घरचे. आत एक झोपलेला असला की तो दुसऱ्याला आत येऊ देत नाही. बार्शीत त्याला मारायला कुणी नव्हतंच. इथं मिळालं."

पाचवी नळी त्यांनी आडवी केली. माझ्या आईचं विरजण, आणि फसलेल्या पातेल्याचं तेच विषारी पाणी. दही लागलेलं होतं. घट्ट.

"बघा, ह्या घरात आता हेच तेवढं लागेल," त्या म्हणाल्या.

आत्याबाईंनी चौथी नळी स्वतःच्या हातानं पुन्हा आडवी करून बघितली. मग म्हणाल्या, "मी म्हणत होते तेच निघालं. हिनंच आणलं."

"आणलं हिनं. हे खरं," परचुरे बाई म्हणाल्या. "मिसळलं कुणी? पळी कुणाच्या हातात होती, गौराबाई?"

हे असं त्यांना आजवर कुणी बोललं नसेल. त्यांच्या हाताची बोटं मिटली, जशी काही पळी अजून त्यांच्याच हातात होती.

"ही गेली तर हे जाईल?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते आता तुमच्या फडक्यांत आहे, मडक्यांच्या भोकाभोकांत आहे, मोरीत, भिंतीवर आहे. निवळी लोटलीत तेव्हा उडून खोलीभर बसलंय. मडकी फोडा, फडकी जाळा, ब्लीचिंग पावडरनं खोली धुवा, चुना मारा. महिन्या-दोन महिन्यांनी तुमचं विरजण मुलीकडून परत आणून बघता येईल, लागलं तर लागेल. पाठवायचं तर मुलीला खुशाल पाठवा. ती जाईल. हे राहील."

पाडवा तीन दिवसांवर होता. दारात दोन गिऱ्हाइकं भांडी घेऊन आत डोकावत होती, की श्रीखंडाचं सांगून ठेवायचंय.

आत्याबाई उठल्या. देव्हाऱ्यापाशी गेल्या. पितळी डबीत कापडाचे उरलेसुरले धागे होते, ती डबी घेऊन आल्या आणि वन्संच्या ओटीत ठेवली. म्हणाल्या, "जतन कर. ह्या घरात परत आणू नको." वन्संना रडू फुटलं. आत्याबाई रडल्या नाहीत. त्या तशाच माझ्या पेटीपाशी आल्या, गाडग्याच्या फडक्याची गाठ दातांनी सोडली, आणि गाडगं दोन्ही हातांत धरून आण्णांसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता उंबऱ्यावर आपटतात.

"व्याहीबुवा, जेवून जा," त्या म्हणाल्या. "पोरीला मी पाठवत नाही. माया आली म्हणून नाही, गरज पडली म्हणून ठेवते. उगीच खोटं बोलायला मला येत नाही."

आण्णा म्हणाले, "ताई, गरजेनं ठेवलेलं माणूससुद्धा घरात रुळतं." मग पटका सारखा करून खाली बसले, आणि वन्संनी चहा टाकला.

त्या दिवशी आम्ही मडकी फोडली. तीन पिढ्यांची मडकी, एकेक करून, मागच्या अंगणात. आत्याबाई स्वतः फोडत होत्या आणि प्रत्येक मडकं फुटताना मला धक्का बसत होता. फडकी चुलीत घातली. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात पळी दिली आणि खोलीबाहेर जाऊन बसल्या. बार्शीच्या विरजणानं सगळी पातेली लागली. पाडव्याला श्रीखंड पुरलं नाही इतकं खपलं, आणि गिऱ्हाइकं म्हणत होती, झाऱ्यांची चव ती झाऱ्यांचीच. मी वजन करत होते. मान वर केली नाही.

आत्याबाईंनी मात्र त्या दिवसापासून घरचं दही तोंडाला लावलं नाही. वन्सं सांगलीहून दर आठवड्याला डबा पाठवायच्या, जुन्या विरजणाचा. तो त्या स्वतःच्या खोलीत खायच्या, आणि डबा स्वतः कढत पाण्यानं धुवायच्या. माझी पोरं झाली, मोठी झाली, दुकानात फ्रिज आले. आम्ही एका ताटाला बसलो, एकमेकींची दुखणी काढली, पण माझ्या हातचं दही त्यांच्या पानात कधी पडलं नाही. मीही वाढलं नाही. राग मलाही होता.

मग माझ्या थोरल्याचं लग्न झालं. सून अकोल्याची. वरात आली, ओवाळणं झालं, आणि तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून पिशवीतून एक गाडगं काढलं. तोंडाला लाल फडकं. कुणीतरी तिला आमच्यातली रीत सांगितली होती आणि ती बिचारी रात्रभर गाडीत मांडीवर घेऊन बसली होती. भाऊबंद जमले होते. कोणीतरी पळीसुद्धा आणली. आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, वाकलेल्या, डोळ्यांना कमी दिसायचं, पण गाडगं त्यांना दिसलं. सगळं घर माझ्याकडं बघत होतं.

परत ने म्हणावं तर तिच्या आईचा अपमान. मिसळावं तर मला चौथी नळी दिसत होती. आत न्यायचंही माझं धाडस होईना. मी ते गाडगं तिच्या हातून घेतलं, तिथंच बाहेरच्या पायरीवर बसले, फडकं सोडलं, आणि चमचा मागवून खायला लागले. भरल्या मांडवासमोर, विहीणबाई म्हणून, रेशमी पातळात. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. सुनेच्या तोंडचा रंगच उडाला. मी खात राहिले. चांगलं होतं दही, जरा गोडसर, वऱ्हाडी.

अर्ध्यावर आले तेव्हा काठीचा आवाज आला. आत्याबाई भिंत धरत पायरीपर्यंत आल्या, माझ्याशेजारी टेकल्या आणि वाटी पुढं केली.

"मला घाल थोडं."

मी घातलं. त्यांनी बोटानं चाटून बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझं पण मी त्या दिवशी असंच खाऊन टाकायला पाहिजे होतं."

माझा चमचा तिथंच थांबला. एवढ्या वर्षांत त्या ह्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या वाटीत आणखी दही घातलं. त्यांनी नको म्हटलं नाही. दोघींनी मिळून गाडगं पुसून घेतलं, आणि मग मी सुनेला म्हटलं, चल, हात धू आणि आत ये.